वर्षाला एक वही

मर्गिलान,
४ मार्च २०१३

चि. करामत हीस,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनपेक्षा पत्रं बरी, हे तुझं म्हणणं मला आता पटलं. मागच्या खेपेला मी तुझ्या कानांचं विचारलं आणि तू मला गाजराच्या लोणच्याची कृती सांगितलीस. कृती चांगली होती, पण ती ताडून बघताना मी इतकं ओरडत होते की भिंतीपलीकडच्या शेजारणीनेही लोणचं घातलं.

इकडे नवरोजची साफसफाई काढली आहे. यंदा मागची लहान खोलीही रिकामी करायची, कारण जर्दाळू पिकतील तेव्हा तिथे पाळणा लागणार. आमची गुलहायो आता जपून चालते, आणि इलहोम बायकोकडे असा बघतो की जगात मूल पहिल्यांदाच जन्माला येतंय. शेंडेफळ ते शेंडेफळच.

त्या खोलीत काय निघालं म्हणशील, तर तीन पोरांची अख्खी शाळा. वह्या, प्रगतिपुस्तकं, प्रशस्तिपत्रं, फाटके नकाशे, चेस्टनटला काड्या टोचून केलेला एक तीन पायांचा उंट. सगळं अंगणातल्या चौथऱ्यावर ओतलं आणि नियम केला: प्रत्येक पोराची वर्षाला एक वही ठेवायची, प्रशस्तिपत्रं ठेवायची, बाकी सगळं शाळेच्या रद्दीला. अजूनही दर वसंतात शाळा रद्दी गोळा करते. बाई पोरांच्या मागे लागतात आणि पोरं आपल्या मागे. त्यामुळे आपण टाकलेलं निदान कुणाच्या तरी लेकराच्या नावावर जमा होतं.

फझीलतला विचारलं, तर तिने सासरहून निरोप धाडला की माझं सगळं टाकून दे. दुसऱ्या दिवशी स्वतःच आली, चौथऱ्यावर बसली आणि संध्याकाळपर्यंत सहावीचा भूगोल वाचत राहिली. जाताना दोन पिशव्या भरून घेऊन गेली. माझ्या घरचा पसारा लेकीच्या घरी गेला, जावईबापू जाणोत.

गुलहायो मदत करते, पण तिची रीत वेगळी. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर तिने नव्या लॅटिन लिपीत चिठ्ठ्या डकवल्या आहेत. मी आपली अजून झाकण उघडून वास घेते.

आणखी एक. कपाटाच्या तळाशी तुझ्या झफरच्याही वह्या आहेत, पहिलीच्या आणि दुसरीच्या. तुला हव्या असतील असं वाटत नाही, तरी विचारलेलं बरं.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातून अशीच येत राहू दे.

तुझी
सनोबर

•

ताश्कंद,
१० मार्च

आदरणीय सनोबर आपास,
धाकटीचा सलाम. वि. वि.

हव्या असतील असं वाटत नाही, हे वाक्य तू लिहिलंस की पेनाने आपलं आपण लिहिलं? हव्या आहेत. सगळ्या. आत टीपकागद असेल तर तोही.

नाव करामत ठेवलं आईने, आणि मी करामत काय केली, तर पोराची पाटी-दप्तराची वेळ आली तेव्हा छातीचं दुखणं घेऊन डोंगरातल्या आरोग्यधामात जाऊन पडले. ह्यांचा ट्रक आठवडे आठवडे बाहेर. म्हणून झफरला तुझ्याकडे धाडलं. दोन वर्षं. मी त्याला चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं, तोंडात घास घालून जेवायला शिकवलं. पण लिहायला तो कसा शिकला ते मी पाहिलं नाही. मी गेले तेव्हा त्याला पेन्सिल धरता येत नव्हती, आणि परत आले तेव्हा तो माझ्या औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचत होता. मधलं सगळं तुझ्या घरी घडलं.

हे आज कुठून आठवलं, तर नातीमुळे. शाहलो सप्टेंबरात पहिलीत जाईल, पण तिची मास्तरकी आत्तापासून सुरू आहे आणि विद्यार्थिनी मी. नवी अक्षरं शिकते आहे तिच्याकडून. हातात छडी नाही एवढंच. परवा तिने बापाला विचारलं, तू लिहायला कसा शिकलास. झफरने खांदे उडवले आणि माझ्याकडे बघितलं. मीही खांदे उडवले. त्या पोरीला वाटलं असेल, या घरात कुणालाच काही माहीत नसतं.

तेव्हा आपा, त्या वह्या आधी बाजूला काढ. साफसफाईच्या भरात तुझा हात कसा चालतो ते मी जाणते. लहानपणी माझी बाहुली तू चिंधी म्हणून चुलीत घातली होतीस.

गुलहायोला माझे आशीर्वाद. तिला अक्रोड खायला घाल, आणि बोलणी कमी.

तुझ्या पंखाखालची मी आहे, ते पंख आवरून घेऊ नकोस.

तुझी
करामत

•

मर्गिलान,
१७ मार्च

चि. करामतला अ. उ. आ.

ती चिंधीच होती.

झफरच्या वह्या काढल्या. आई म्हणून तुझा हक्क आहे, मी कोण नाही म्हणणार. अर्धं पोतं भरलं. माझा वर्षाला एक वहीचा नियम त्यांना लावायला गेले, पण कुठली ठेवू आणि कुठली टाकू ते ठरेना, म्हणून सगळ्या भरल्या. हाताशी गाईच्या कोंड्याचं एक रिकामं पोतं होतं, तेच झटकून घेतलं. तोंड आवळून बांधलं आणि वर कोळशाने मोठ्ठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: केराक. हवं आहे. यापेक्षा सोपं काय लिहायचं असतं?

नवरोज झाला की मी रिश्तानला लग्नाला जाते आहे, चुलतभावाच्या नातीचं. मी नसताना शाळेची पोरं रद्दीला येतील. गुलहायोला नीट सांगितलंय की केराक लिहिलेल्या पोत्याला हात लावायचा नाही, बाकीची सगळी देऊन टाकायची. मी परत आले की इलहोमचा एक मित्र गाडी घेऊन ताश्कंदला जाणार आहे, त्याच्याबरोबर तुझं पोतं धाडते.

गहू छान अंकुरलाय. यंदाची नवरोजची खीर, सुमलक, गोड होणार. तू नाहीस, तुझ्या वाटणीचं ढवळून घेईन.

आशीर्वाद आहेतच, आठवणही असू दे.

सनोबर

•

मर्गिलान,
३० मार्च

चि. करामत,
अ. आ.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. झफरच्या वह्या गेल्या.

लग्नाहून आले. खोली बघितली तर लख्ख. फरशी पुसलेली, खिडकी पुसलेली आणि एकही पोतं नाही. गुलहायोला विचारलं, केराकचं पोतं कुठे ठेवलंस. ती म्हणाली की केराक लिहिलेलं पोतं नव्हतंच, तिने नीट बघितलं, म्हणून कागदांची होती ती सगळी पोती पोरांना दिली. मी माझ्या हाताने लिहिलं आणि ही तोंडावर सांगते की नव्हतंच.

तशीच शाळेत गेले. रद्दीची खोली रिकामी. ट्रक भरून आदल्याच दिवशी गेला होता. खाली सांडलेले चार कागद मी गोळा केले, त्यात कुणाकुणाची गणितं होती, आपल्या पोराचं काही नव्हतं. पहारेकऱ्याने मला पाणी दिलं. या वयात मी शाळेच्या पायरीवर बसून रडले, करामत, आणि सुट्टीतली पोरं बघत होती.

घरी येऊन सुनेला नको ते बोलले. तुझ्या माहेरी कुणी अक्षर ओळखतं का, असं बोलले. तिने संध्याकाळचं ताट वाढलं, भांडी घासली, आणि सकाळी इलहोमला घेऊन कुव्याला आईकडे गेली. इलहोम तिला सोडून परत आला, पण माझ्याशी बोलत नाही. पाळण्याची खोली रिकामी झाली ती अशी.

तुझी क्षमा मागू तरी कोणत्या तोंडाने. वाटलं तर बोल, वाटलं तर बोलू नकोस.

तुझी अभागी
सनोबर

•

ताश्कंद,
५ एप्रिल

आपा,
सलाम.

मी तुझ्यावर रागावले नाही, असं लिहायला बसले होते. कागद फाडला. खोटं कशाला लिहू, रागावले आहे.

वह्या गेल्या म्हणून तर आहेच. पण त्याहून जास्त हे, की एवढी वर्षं त्या तुझ्या कपाटात होत्या आणि तू मला कधी म्हणाली नाहीस, घे. मी दर उन्हाळ्यात यायचे. त्याच खोलीत झोपायचे. त्या कपाटाला पाय लावून झोपायचे. आणि तुला आठवण झाली ती रद्दी काढताना.

झफरला मी परत न्यायला आले तो दिवस तुला आठवतो का? तो तुझ्या कमरेला मिठी मारून रडत होता आणि तुला आई म्हणत होता. मी दारात उभी होते. तू त्याचे हात सोडवलेस आणि माझ्या हातात दिलेस, तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण ते दार मी अजून ओलांडलेलं नाही. मला वाटायचं, त्या वह्या बघितल्या की निदान कळेल, मी नव्हते तेव्हा तो काय करत होता.

एकदा मनात असंही आलं की पोतं गेलंच नसेल, तुलाच देववलं नसेल. असं मनात आलं याचीच लाज वाटते. पण आलं, ते लिहिलं.

त्या पोरीला मात्र घरी आण. सातवा महिना लागलेल्या बाईने माहेरी रुसून बसायचे हे दिवस नव्हेत, आणि तिला तिथे धाडणाऱ्या सासूचेही नव्हेत.

सध्या एवढंच.

करामत

•

कुवा,
६ एप्रिल

आदरणीय करामत खाला यांस,
सुनेचा वाकून सलाम. वि. वि.

मी तुम्हांला याआधी कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा काही चुकलं तर पोटात घाला. मी नव्या अक्षरांत लिहिते आहे. जुनी वाचता येतात, पण लिहायला गेलं की वेडीवाकडी होतात. शाहलोकडून वाचून घ्या. तुम्हांला सोपं जावं म्हणून मोठं आणि सुटं लिहिते.

आईंवर माझा राग नाही. त्या बोलल्या ते लागलं, कारण माझे वडील पोस्टात होते, आमच्या घरी सगळ्यांना अक्षर ओळखता येतं. पण त्या इतक्या रडत होत्या की मला तिथे उभं राहवेना. माझ्याकडे बघितलं की त्यांना पुन्हा वह्या आठवायच्या. म्हणून आले.

तुम्हांला एवढंच सांगायचं आहे की मी खोटं बोलले नाही. खोलीत कागदांची चार पोती होती आणि एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. मी एकेक फिरवून बघितलं. आईंनी केराक लिहिते म्हटलं होतं, पण घाईत राहून गेलं असेल असं वाटलं. वाट बघायला हवी होती, ते चुकलं. पोरं दारात उभी होती, त्यांच्या बाई गल्लीच्या टोकाला उभ्या होत्या, आणि मी दिलं.

खोलीत कागदाचं असं दुसरं काही नव्हतं. एक कोंड्याचं पोतं कोणीतरी आत आणून ठेवलं होतं, त्यावर लिहिलेलंच होतं, KEPAK, ते मी यांच्याकडून गोठ्यात नेऊन ठेवलं. पाळण्याच्या खोलीत कोंडा ठेवला तर उंदीर होतात. ते जड होतं, यांना वाटलं खाली पेंडीचे तुकडे आहेत.

खाला, माझ्या हातून तुमचं नुकसान झालं. तुमच्या मुलाच्या वह्या मी बघितल्यासुद्धा नाहीत, आणि माझ्याच हातून गेल्या. बाळ झालं की त्याची पहिली वही मी तुम्हांला पाठवीन. त्याने तुमचं भरून येणार नाही, हे मला कळतं.

लहान समजून लोभ ठेवावा.

तुमची
गुलहायो

•

ताश्कंद,
१२ एप्रिल

आपा,
सलाम, सलाम आणि आणखी एक सलाम. वि. वि.

फोनमुळे तुला सगळं कळलंच आहे, पण ते कसं घडलं ते कळलेलं नाही, आणि ते मीच सांगणार. माझ्या नावाची अब्रू राखायची वेळ इतक्या वर्षांनी आली.

परवा दुपारी गुलहायोचं पत्र आलं. शाहलोला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी वाचायला बसलो. ती बोट फिरवते, मी मागून म्हणते, अशी आमची शाळा. कोंड्याच्या पोत्यापर्यंत आलो. तुझ्या सुनेने पोत्यावरचा शब्द जसाच्या तसा उतरवला होता, मोठ्या अक्षरांत. मी वाचलं, केराक. शाहलो म्हणाली, नाही आजी, केपाक. मी म्हटलं, केराक लिहिलंय, मला काय डोळे नाहीत? ती म्हणाली, कान नाहीत. वर म्हणाली, काठीवर गोल गाठोडं बांधलेलं ते अक्षर प असतं, तू दर वेळी र म्हणतेस, किती वेळा सांगू.

मी तोंड उघडलं होतं भांडायला, ते तसंच उघडं राहिलं.

आलं का लक्षात? आपल्या जुन्या रशियन लिपीत ती काठी-गाठोडं म्हणजे र. त्यांच्या नव्या लिपीत तीच प. बाकीची अक्षरं दोन्हींकडे सारखी. तू लिहिलंस हवं आहे, पोरीने वाचलं कोंडा. आणि तेही कशावर, तर कोंड्याच्या पोत्यावर. आता कोंड्याच्या पोत्यावर कोंडा लिहिलेलं असेल तर कोणती शहाणी बाई ते उघडून बघेल? तिच्या जागी मी असते तर मीही गाईपुढे नेऊन ठेवलं असतं. जुनी अक्षरं येतात तिला. पण डोळ्याला जे आधी दिसतं तेच माणूस वाचतं.

झफर कामावरून आला तसा त्याला बूटही काढू दिले नाहीत. फोन लाव म्हटलं इलहोमला, आणि गोठ्यात जायला सांग. मला पलीकडचं काही ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. मी झफरच्या तोंडाकडे बघत बसले. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्याची भुवई वर गेली. मग ओठ मिटले, लहानपणी रडू आवरताना मिटायचे तसे. मग तो हसला आणि त्याने माझा हात धरला. मला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. मी तिथेच खाली बसले आणि आधी रडून घेतलं. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो काय असतो ते त्या दिवशी कळलं.

गायीला माझ्याकडून चांगला हिरवा चारा घाल. तिने पोत्याला तोंड लावलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

आता तू हे वाचलंस की पहिलं काम म्हणजे कुव्याची वाट धर.

मागचं पत्र फाडून चुलीत घाल. चिंध्या जाळायची तुला सवय आहेच.

लोभ होताच, आता त्यात लाज मिसळली आहे, तेवढी सोसून घे.

तुझी
करामत

•

मर्गिलान,
१९ एप्रिल

चि. करामत हीस,
अ. उ. आ. आणि तुझ्या नावाला सलाम.

पत्र फाडलं नाही, ठेवलं आहे. त्यातलं बरंच खरं होतं.

गाईला नवरोजपासून हिरवं लुसलुशीत गवत मिळतंय, म्हणून कोंड्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. पोतं कोपऱ्यात जसं ठेवलं तसं. इलहोमने कंदील धरला आणि मी गाठ सोडली. एका वहीचा कोपरा उंदराने खाल्लाय, बाकी सगळं शाबूत. मी तिथे शेणातच बसले. इलहोम हसत होता आणि दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कुव्याला गेले. हिरव्या पालेभाजीचे सामसे केले होते, ते फडक्यात बांधून. व्याह्यांच्या दारात उभी राहिले. पोस्टातल्या माणसाच्या घरी जाऊन मी त्यांच्या लेकीच्या अक्षराबद्दल बोलले होते, करामत. त्यांनी काही दाखवलं नाही. चहा ठेवला. गुलहायो आली, वाकली, आणि मी तिला अर्ध्यातच धरलं. तिला मी सांगितलं की चूक माझी होती, कोंड्याच्या पोत्यात लेकराचं बालपण कुणी भरतं का. मग पोत्यावरचा शब्द तिला कागदावर लिहून दाखवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून इतकी हसली की तिची आई धावत आली, पोटातल्या बाळाला काही झालं की काय म्हणून. मग सगळेच हसलो. व्याही म्हणाले की तीस वर्षं पोस्टात काढली, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं टपाल बघितलं, पण गाईकडे गेलेलं पहिल्यांदाच.

संध्याकाळी तिला घेऊन आले. आता आमचा करार झालाय. बरण्यांवर ती दोन्ही लिप्यांत लिहिते, आणि मी वास घेत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. का नाही दिल्या एवढी वर्षं. मी सांगणार होते की विसरले. पण तू खोटं लिहिलं नाहीस, तर मीही लिहीत नाही. विसरले नव्हते. तो गेला तेव्हा घर एकदम रिकामं झालं. माझी स्वतःची पोरं होती, तरी झालं. त्या वह्या दिल्या की त्याचं इथलं सगळंच गेलं असं वाटायचं. म्हणून दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी देऊ. रद्दीच्या निमित्ताने हिंमत केली, तर गाय आडवी आली.

पोतं इलहोमच्या मित्राबरोबर धाडते आहे. आत सगळं आहे. एकही ठेवली नाही.

सुखी राहा, आणि या म्हातारीचा राग धरू नकोस.

सनोबर

•

ताश्कंद,
३ मे

आदरणीय सनोबर आपास,
धाकटीचा सलाम, शाहलोचा सलाम, आणि झफरचा वेगळा सलाम. वि. वि.

पोतं पोचलं. अंगणात उघडलं, आणि सगळ्या घराला कोंड्याचा वास सुटला. शाहलो म्हणाली, बाबा, तुझी शाळा गोठ्यात होती का.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. पहिल्या वहीत नुसत्या तिरप्या काठ्या. मग अर्धे गोल. मग एक अख्खं पान एकाच अक्षराचं, त्यात अर्धी उलटी. एकीकडे शाई सांडलीय आणि त्यावर अंगठा उमटलाय, एवढासा. बाईंनी तांबड्या शाईने नीटपणा नाही असं लिहिलंय, आणि खाली त्याने फूल काढलंय. मी सगळं पाहिलं, आपा. तो कसा शिकला, कुठे अडला, कुठल्या दिवशी कंटाळला, सगळं. शाहलोने बापाच्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवून त्याला रागे भरलं. मी नव्हते तिथे मला जाऊन येता आलं.

पण वह्या उघडताना एक गोष्ट मी मनात धरलीच नव्हती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तू पेन्सिलीने एक अक्षर काढून दिलंयस, आणि पुढे त्याने गिरवलंय. पहिल्या वहीत तुझं अक्षर एकीकडे आणि त्याचं दुसरीकडे, कुणीही सांगेल. दुसरीच्या शेवटच्या वहीत मला सांगता येईना. चष्मा लावला, खिडकीत नेऊन बघितलं, तरी तुझं कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं ते कळेना. झफरच्या सहीला खाली एक शेपटी असते, डावीकडे वळलेली. इतकी वर्षं मी ती बघत आले, कुणाची म्हणून कधी मनात आलं नाही. तुझ्या पत्रांखालीही तीच आहे. आज सगळी पत्रं काढून बघितली.

मी झफरला दाखवलं. तो म्हणाला की त्याला तेवढंच आठवतं, त्याच्या मुठीवरून धरलेला तुझा हात, आणि त्याला पिठाचा वास. तो हे मला आधी का बोलला नाही विचारलं. म्हणाला, तुला वाईट वाटेल म्हणून. वाटलं नाही. मला वाटलं, बरं झालं, मी नव्हते तेव्हा त्याचा हात कुणीतरी धरून ठेवला होता.

तेव्हा तुझ्याच नियमाने मी वर्षाला एक वही ठेवून घेतली आहे, पहिलीची पहिली आणि दुसरीची शेवटची. उंदराने खाल्लेली शाहलोला हवी होती, ती तिला दिली. बाकीच्या परत पाठवते. त्या तुझ्या आहेत. आता पाळण्याच्या खोलीत जागा नाही असं म्हणू नकोस. माझ्या पोराला तिथे जागा झाली होती, त्याच्या वह्यांना होईल.

पोतं तेच वापरलं आहे. तुझा कोळसा पुसट झाला होता, म्हणून मी वरून पुन्हा गिरवला, तोच शब्द, आपल्या अक्षरांत. गुलहायोला म्हणावं, तुला वाचायचं तसं वाच. हवं वाचलंस तर कपाटात ठेव, कोंडा वाचलास तर गोठ्यात ठेव. तुमच्या घरी दोन्हीकडे माझं पोर सुखरूप राहिलंय.

जर्दाळू पिकले की मी येतेच आहे. त्याच खोलीत झोपेन, कपाटाकडे डोकं करून.

तुझी
करामत